साचेखातं

आधी छप्पर ओळखलं. दगडी भिंत, चिमणी, दारावरची पाटी हे सगळं नंतर. बस चढावर वळली, आणि करवत दाते वर करून आडवी ठेवावी तसं एक लांबच लांब छप्पर दिसलं. मी मोठ्याने म्हणाले, "अगं बाई, मिल!" पुढच्या सीटवरच्या दोन बायकांनी वळून पाहिलं. त्या आपसात पंजाबीच्या वळणाचं काहीतरी बोलत होत्या. माझा चेहरा आणि माझी भाषा यांचा मेळ घालायचा त्यांनी थोडा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

२०१४ चा उन्हाळा. मँचेस्टरला भाचीकडे महिनाभर राहायला गेले होते. तिने मला दाखवण्यासारख्या ठिकाणांची यादी करून ठेवली होती, त्यात फुटबॉलचं मैदान होतं, तळी होती, एक राजवाडाही होता. मी म्हटलं, मला बर्न्लीजवळची ती कापडगिरणी बघायचीय. "मावशी, तू लालबागला वाढलीस. तुला गिरणीचं काय अप्रूप?" हा प्रश्न बरोबर होता. मी लालबागला वाढले, गिरणीच्या भोंग्यावर शाळेत गेले, आजोबा आणि बाबा दोघेही साचेखात्यात, म्हणजे गिरणीच्या विणकामाच्या खात्यात होते, पण गिरणी आतून मी एकदाही पाहिली नव्हती. गिरणीच्या फाटकापाशी डबा द्यायचा आणि मागे फिरायचं. आत काय चालतं ते भिंतीपलीकडून येणाऱ्या आवाजावरून ताडायचं. पुढे गिरण्याच उरल्या नाहीत. म्हणून आपल्या बापाचं खातं बघायला मला सातासमुद्रापार जावं लागलं. हे सांगताना जरा लाजही वाटते.

हार्ल साइक हे बर्न्लीच्या ईशान्येला टेकाडावर वसलेलं गाव, आता शहराला चिकटलेलं. एका उंचीच्या दगडी घरांच्या रांगा, धुराने काळवंडलेला वालुकाश्म, आणि वस्तीला खेटून मिल. क्वीन स्ट्रीट मिल १८९४ ची. व्हिक्टोरिया राणी अजून गादीवर होती. ही मिल कुणा बड्या शेटजीने काढलेली नव्हती. गावातल्या लोकांनीच भागभांडवल जमवून कंपनी काढली आणि कामगारांमध्येही भागधारक होते. आपल्याकडच्या गिरण्यांची नावं आठवली की त्यामागे एखादं घराणं, एखादा सर, एखादा शेट उभा असतो. इथे नुसतं रस्त्याचं नाव. मला ते आवडलं.

इमारतीकडे बघत बसावं असं तिच्यात काही नाही. पुढे दोन मजली दगडी भाग, त्यात कचेरी, सूत गुंडाळण्याची आणि बीम तयार करण्याची जागा, तयार कापडाची वखार. बाजूला इंजिनघर, बॉयलरघर आणि चिमणी. जवळच एक तळं. ते शोभेचं नाही, इंजिनातली वाफ थंड करून तिचं पुन्हा पाणी करायला लागणारं पाणी त्यातून यायचं. आणि या सगळ्याच्या मागे तो प्रचंड एकमजली विणकामाचा हॉल, दातेरी छपराखालचा. कमानी, नक्षी, पुतळे यांतलं काही नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी हिशेब करत करत बांधली, आणि हिशेबात जे बसलं नाही ते केलं नाही. तरीही इंग्लंडच्या संरक्षित इमारतींच्या यादीत ती ग्रेड वन आहे. तिथे तीन पायऱ्या असतात, आणि सगळ्यात वरच्या पायरीवर शंभरातल्या जेमतेम अडीच इमारती पोचतात. मोठमोठी कॅथीड्रलं, राजवाडे त्या पायरीवर बसतात. त्यांच्या पंगतीत हे साचेखातं.

कारण एकच. वाफेच्या इंजिनावर चालणारा विणकामाचा संपूर्ण हॉल, चालू स्थितीत, जगात आता हा एवढाच उरलाय.

इंजिनघरात शिरल्यावर मात्र माझी जीभ बंद झाली. बाहेरून कंजूष दिसणाऱ्या या मिलने इंजिनाला देवघरासारखी जागा दिलीय. उंच खिडक्या, चकाकणारं पितळ, तेलाचा वास. पाचशे अश्वशक्तीचं हे आडवं इंजिन शेजारच्याच नेल्सन गावच्या विल्यम रॉबर्ट्सच्या कारखान्याने १८९५ मध्ये घडवलं. दोन सिलिंडर एकामागे एक एकाच रेषेत. वाफ आधी एकात राबते आणि उरलेल्या जोरावर दुसऱ्यात. काही वाया घालवायचं नाही, हा इथल्या लोकांचा स्वभावच असावा. इंजिनाला नाव आहे. आधी 'प्रूडन्स' होतं, म्हणजे शहाणपण, काटकसर. पहिल्या महायुद्धानंतर ते बदलून 'पीस' केलं, शांती. यंत्राचं बारसं दोनदा करणारी माणसं मला जवळची वाटली. आपण दसऱ्याला यंत्राला झेंडूचा हार घालतो, त्यातलाच हा प्रकार. बाबा सांगायचे, दसऱ्याला साच्याला हळदकुंकू लावायचं आणि त्या दिवशी साच्यावर पाय ठेवायचा नाही, एरवी ठेवला तरी.

मोठं चाक वळायला लागलं. आवाज अगदी हळू, श्वासासारखा. मला वाटलं, हे एवढंच? भिंतीपलीकडे मुख्य दांडा फिरू लागला, त्याच्यावरून हॉलभर आडवे दांडे, दांड्यावरच्या पुलींवरून चामड्याचे पट्टे खाली साच्यांपर्यंत उतरलेले. एक बाई पुढे झाल्या. सत्तरीच्या असाव्यात, अंगात निळा झगा. त्यांनी एका साच्याची मूठ ओढली, मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची.

तो आवाज मी लिहून सांगू शकत नाही. थोडेच साचे चालू होते, हॉलमध्ये तीनशेच्या वर उभे आहेत आणि एकेकाळी त्याहून कितीतरी जास्त होते. त्या थोड्यांनीच माझ्या दातांत मुंग्या आल्या. धोटा, म्हणजे आडवं सूत घेऊन धावणारा लाकडी तुकडा, एका बाजूने ठोकर खाऊन सुटतो, पलीकडे आदळतो, उलटा येतो, मिनिटाला दोनशेच्या आसपास. लालबागला भिंतीपलीकडून यायची ती या आवाजाची फक्त घरघर होती. बाबा रोज आठ तास, ओव्हरटाइम असला तर जास्त, याच्या आत उभे राहत होते.

बाबा माग म्हणत नसत, साचा म्हणत. "माग साळ्याकोष्ट्याचा, साचा गिरणीचा." त्यांच्या तोंडी विणकर हा शब्द मी ऐकला नाही, ते स्वतःला साचेवाला म्हणत. आणि त्यांचा साचा नेमका हाच होता, लँकेशायर लूम, याच लँकेशायर परगण्याच्या नावाचा. १८४२ च्या सुमारास ब्लॅकबर्नच्या जेम्स बुलो आणि विल्यम केनवर्दी यांनी सुधारून घडवलेला. बाणा, म्हणजे आडवा धागा, तुटला की आपोआप थांबणारा, पण कांडी, म्हणजे धोट्यातलं सुताचं रीळ, संपली की माणसाची वाट बघणारा. ब्लॅकबर्न इथून तासाभराच्या अंतरावर. मुंबईच्या गिरण्यांची यंत्रं याच टापूतून जहाजाने यायची, साचे इथले, सूत कातायच्या चात्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सच्या. १८५४ मध्ये कावसजी दावरांनी कंपनी काढली आणि दोन वर्षांनी ताडदेवला चात्या फिरू लागल्या. तेव्हापासून लँकेशायरने आपल्या प्रतिस्पर्ध्याला स्वतःच हत्यारं विकली. धंद्यात असं चालतं.

आणि छप्परही विकलं. ते कापून जहाजात घातलं नसेल, पण नकाशा तोच. त्या छपराबद्दल जरा थांबून सांगते, कारण माझ्या मते या इमारतीतली सगळ्यात हुशार गोष्ट तीच आहे.

सूतकताईच्या गिरण्या पाच-सहा मजली बांधता येतात. विणकामाच्या नाही. शेकडो साचे एकाच वेळी धोटे हाणू लागले तर वरच्या मजल्याच्या तुळया डुलतील. म्हणून साचे जमिनीवर, दगडी फरशीवर. एका मजल्यावर एवढी जागा पसरली की भिंतीतल्या खिडक्यांचा उजेड मधोमध पोचत नाही. मग उजेड वरून घ्यायचा. पण सरळ ऊन आत आलं तर सूत कोरडं पडतं, तुटतं, आणि झगझगाटात तुटलेला धागा दिसत नाही. म्हणून छपराचे दाते करायचे. प्रत्येक दात्याची एक बाजू लांब उतरती, कौलांची. दुसरी बाजू उभी, काचेची, आणि ती उत्तरेला तोंड केलेली. लँकेशायरच्या आकाशात भर दिवसाचा सूर्य उत्तरेला फिरकत नाही, त्यामुळे आत येतो तो निव्वळ उजेड, ऊन नाही. दुधात भिजवल्यासारखा, सावलीशिवायचा. चित्रकार आपल्या खोलीसाठी जो उजेड मागतात तोच. खाली लोखंडी खांबांच्या रांगा, एकीकडे छपराच्या पन्हळी तोलणाऱ्या आणि दुसरीकडे फिरणारे दांडे धरून ठेवणाऱ्या. एकच खांब घर आणि यंत्र दोन्हींचा. त्या हॉलमध्ये इमारत कुठे संपते आणि यंत्र कुठे सुरू होतं ते सांगता येत नाही, आणि ग्रेड वनचं खरं कारण मला तेच वाटलं.

आता गंमत. हाच नकाशा मुंबईत आला. मुंबई कर्कवृत्ताच्या खाली. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्याकडे डोक्यावरून उत्तरेकडे झुकतो. म्हणजे ज्या बाजूला दुपारचा सूर्य कधीच येणार नाही म्हणून काच बसवली, त्याच बाजूला तो ऐन मे महिन्यात हजर. पुढे पावसाळा येऊन झाकतो म्हणून बरं. बाबा म्हणायचे, मे महिन्यात दुपारपाळीला वरून भट्टी आणि खालून भट्टी. लहानपणी मला ती बोलायची पद्धत वाटायची. हार्ल साइकच्या त्या गार, दुधाळ उजेडात उभी राहिले तेव्हा कळलं की ते अक्षांशाबद्दल बोलत होते.

दमटपणाचंही तसंच. सुताला ओल लागते, म्हणून कापड लँकेशायरच्या पावसात वाढलं आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत रुजलं. पण मालकांना निसर्गाची ओल पुरत नसे. हॉलमध्ये वाफ सोडायचे. त्याच्याविरुद्ध इथल्या कामगारांनी इतका आरडाओरडा केला की १८८९ मध्ये पार्लमेंटला त्यावर कायदा करावा लागला. कांजीतही लबाडी असे. सुताला पीठ आणि चरबीबरोबर चिनी माती चोपडायची, कापड वजनदार दिसतं. ते हिंदुस्थानात पोचेतो त्याला बुरशी लागायची, पहिल्या धुण्यात माती निघून जायची आणि हातात उरायची जाळी. १८७० च्या दशकात याबद्दल आपल्याकडून तक्रारींवर तक्रारी गेल्या. १९१३ साली लँकेशायरने एकट्या हिंदुस्थानात सुमारे तीन अब्ज वार कापड पाठवलं. त्या काळात बर्न्लीत सुमारे एक लाख माग होते. त्यातलं किती वार कापड आणि किती वार माती, याचा हिशेब कुणी ठेवला नसेल.

साचे थांबले. कान वाजत होते. त्या बाई काहीतरी बोलल्या आणि मला ऐकू आलं नाही, पण समजलं. म्हणजे त्यांनी आवाज काढलाच नव्हता. ओठ मोठे मोठे करून, चेहरा ताणून, शब्द नुसता दाखवला होता. हॉलभर हसू पिकलं. इथे त्याला 'मी-मॉ' म्हणतात. साच्यांच्या गोंगाटात दहा हात लांबच्या मैत्रिणीशी गप्पा मारायची ही रीत, आणि ती इतकी अंगात भिनायची की बायका ट्रॅममध्ये, दवाखान्यातसुद्धा अशाच बोलायच्या. इथल्या साच्यांवर बायका मोठ्या संख्येने होत्या. मुंबईत साचेखातं पुरुषांचं, बायका वाइंडिंगला, सूत गुंडाळायला. पण आमच्या चाळीत ही भाषा होती. आई गॅलरीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला बाबांना नुसते ओठ हलवून "रॉकेल संपलंय" सांगायची आणि बाबा मान हलवायचे. शेजारपाजारचे समजत की नवराबायकोत भांडण आहे. बाबांचे कान चाळिशीतच गेले होते. ते कमी ऐकतात हे आम्हा मुलांना फार उशिरा कळलं, कारण ते आमच्या तोंडाकडे बघून सगळं ऐकायचे. अंधारात हाक मारली तर ओ देत नसत.

मग त्या बाईंनी धोटा हातात घेतला. होडीसारखा, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या. कांडी बसवली, धोट्याच्या बाजूच्या बारीक भोकाशी सुताचं टोक धरलं, भोकाला ओठ लावले आणि श्वास आत ओढला. सूत बाहेर आलं. याला इथे धोट्याचं चुंबन म्हणतात. त्यांनी सांगितलं, त्यांच्या आजीचे पुढचे दात याच्यातच गेले. एकाच धोट्याला पाळीपाळीने किती जणींची तोंडं लागायची, आणि एकीचा खोकला सगळ्यांना. तेल, सुताची तुसं, रंग पोटात जायचा तो वेगळा. डॉक्टरांनी, कारखाना निरीक्षकांनी या चालीविरुद्ध वर्षानुवर्षं लिहिलं. हाताने ओवायचे धोटे निघाले तरी मालक जुने फेकायला तयार नव्हते, आणि ओठांनी काम झटकन होतं म्हणून कामगारही.

सगळे 'ई' करून तोंड वाकडं करत होते. मी गप्प होते. मला लालबाग आठवत होतं.

मुंबईच्या साचेखात्यातही सूत तोंडानेच ओढायचे. पण तिथे त्या भोकातून रोगापेक्षा मोठी भीती आत यायची. एका पाळीचा साचेवाला ज्या धोट्याला तोंड लावतो त्यालाच दुसऱ्या पाळीचा लावणार. म्हणजे उष्टं. म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साचेखात्यात घ्यायचं नाही. त्यांनी सूतकताईत, म्हणजे त्रासनखात्यात राबावं, जिथे पगार कमी. गिरणीतलं चांगल्या मजुरीचं खातं एका भोकामुळे बंद. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. कामगारांची एकजूट म्हणता, तर मग साचेखात्याचं दार उघडायची मागणी तुमच्या मागण्यांत का नाही?

शाळेच्या पुस्तकात मी हे वाचलं नव्हतं. मोठेपणी वाचलं, आणि वाचताना आजोबांचं एक वाक्य वर आलं. ते कौतुकाने सांगायचे, "आमच्या खात्यात सगळी आपली माणसं." आपली म्हणजे कोकणातली, आपल्या गावची, हा मी लावलेला अर्थ. तो खोटा नव्हता. कामगार भरणारा मुकादम, म्हणजे जॉबर गावचा, तो गावच्या माणसाला लावून घेणार. पण त्या 'आपली'त आणखी एक भिंत होती आणि ती आजोबांना भिंत वाटतच नव्हती, ती त्यांना हवा वाटत होती. बाबा १९६१ मध्ये बदली, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी काम करणारा कामगार म्हणून लागले, तेव्हा असली काही बंदी कागदावर नव्हती. कागदावर ती कधीच नव्हती. आमच्या खालच्या मजल्यावरचे एक काका त्रासनखात्यात होते, बाबांचे जिवलग. दोघे एका पानातली तंबाखू मळून खात. ते काका साचेखात्यात का नाहीत, हे मी कधी विचारलं नाही. बाबांनीही कधी विचारलं असेल असं वाटत नाही.

ते भोक, तो श्वास, तेच यंत्र. बर्न्लीत त्याने दात पाडले, मुंबईत माणसं गाळली. इथल्या पाटीवर पहिली गोष्ट लिहिलेली आहे. दुसरी लिहायची तर पाटी मुंबईत लागायला हवी, आणि तिथे आता पाटी लावायला भिंत नाही.

संग्रहालयातल्या त्या बाईंना मी माझ्या तोडक्या इंग्रजीत हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, धोटा परत ठेवला, आणि म्हणाल्या की गांधी इथे आले होते. इथे म्हणजे याच परगण्यातल्या डार्वेन गावी, सप्टेंबर १९३१ मध्ये. आमच्या बहिष्काराने ज्यांचे साचे बंद पडले त्या गिरणीतल्या बायका गांधीजींभोवती गर्दी करून हसताहेत, तो फोटो आपण सगळ्यांनी पाहिलाय. त्याच साली बर्न्लीत एक मोठं भांडण पेटलं होतं. चार साच्यांऐवजी आठ साचे सांभाळा, असं मालक म्हणत होते आणि कामगार नाही म्हणत होते. मुंबईत १९२८ मध्ये दोनाऐवजी तीन सांभाळा म्हणून हेच झालं होतं. आकडे वेगळे, मास्तरांची भाषा एकच. दोन्हीकडचे कामगार एकमेकांना गिऱ्हाईक तोडणारे चोर समजत होते.

हॉलच्या एका कोपऱ्यात मिलच्या आयुष्यातल्या तारखा लावल्या होत्या. शेवटची ११ मार्च १९८२. त्या दिवशी इंजिन थांबलं आणि मिल बंद झाली.

मी बोटं मोडून हिशेब केला. मुंबईतला संप १८ जानेवारी १९८२ चा. मध्ये बावन्न दिवस. मी तेव्हा आठ वर्षांची. संपाचे पहिले दोन महिने आम्हा मुलांना सुट्टीसारखे होते, बाबा दिवसा घरी, चाळीत दत्ता सामंतांच्या सभांची बोलणी. अडीच लाख माणसं बाहेर, भोंगे मुके. आईने मंगळसूत्राच्या वाट्या कधी मोडल्या ते आम्हाला कळलं नाही. तो संप कुणी मागे घेतला नाही, आजतागायत. त्याच बावन्न दिवसांत या टेकाडावरही कुणीतरी घरी येऊन बसलं होतं.

या दोन शेवटांत फरक काय? मी त्यावर बरेच दिवस विचार केला. परदेशातून परतलेला माणूस म्हणतो तसं म्हणणं सोपं होतं, की त्यांना वारशाची कदर, आपल्याला नाही. मला ते पटत नाही. क्वीन स्ट्रीट मिल कदर होती म्हणून टिकली नाही, गरिबीने टिकली. १९५८ पर्यंत ब्रिटन कापड विकण्यापेक्षा बाहेरून जास्त आणू लागला होता. १९५९ मध्ये सरकारने कायदा करून साचे मोडीत काढायला पैसे दिले. ज्यांच्याकडे भांडवल होतं त्यांनी विजेच्या मोटारी बसवल्या, नवे माग आणले, रात्रपाळीला पाकिस्तानकडच्या काश्मीरमधलं मीरपूर आणि आताच्या बांगलादेशातलं सिल्हेट इथून माणसं आणली. बसमधल्या त्या दोघी बहुधा त्यांच्याच लेकी-सुना. या छोट्या मिलने काहीच केलं नाही. बाप वापरायचा तेच इंजिन, आजा वापरायचा तेच साचे. जग पुढे जाऊन इतकं लांब गेलं की मागे राहिलेली ही एकटी अनमोल झाली. आणि बंद पडल्यावर त्या टेकाडावरची जमीन कुणाला नको होती. बर्न्लीच्या नगरपालिकेने मिल घेतली, संग्रहालय केलं, पुढे ती लँकेशायर परगण्याच्या कौन्सिलकडे गेली.

गिरणगावाची जमीन सहाशे एकर, मुंबईच्या पोटात. १९९१ च्या नियमाने तिचे तीन वाटे करायचे होते: एक मालकाला, एक मोकळ्या जागेला, एक घरांना. २००१ मध्ये एका दुरुस्तीने 'जमीन'चा अर्थ 'मोकळी जमीन' एवढाच केला आणि वाटे आटले. एवढ्या भावाच्या जमिनीवर एकमजली दातेरी छप्पर टिकवून धरायला देवच हवा. लोअर परळच्या मॉलमध्ये एक चिमणी उभी आहे, तिच्या बुडाशी मुलं आइस्क्रीम खातात. काळाचौकीला जुन्या मिलमध्ये वस्त्रोद्योगाच्या संग्रहालयाचं काम वर्षानुवर्षं चाललंय. आणि दादरला, चैत्यभूमीच्या शेजारची इंदू मिल, म्हणजे इंडिया युनायटेड मिल नंबर सहा, तिची जागा बाबासाहेबांच्या स्मारकाला गेली. ज्या गिरणगावात साचेखात्याचं दार उघडा म्हणून ते भांडले, त्यातली ही एक अख्खी गिरणी. हा योग कुणी जुळवून आणला असेल असं नाही, पण मी तिथून जाते तेव्हा मला धोट्याचं भोक दिसतं.

संरक्षित म्हणजे सुरक्षित असंही नाही बरं. मी जाऊन आले त्यानंतर दोन वर्षांनी, सप्टेंबर २०१६ मध्ये, कौन्सिलकडे पैसे नाहीत म्हणून हे संग्रहालयही बंद केलं. पुढे बोंबाबोंब झाली आणि मोजक्या दिवसांसाठी ते पुन्हा उघडायला लागले. ग्रेड वनचा शिक्का इमारत पाडू देत नाही. बॉयलरमध्ये कोळसा घालायला तो शिक्का येत नाही.

आणि साचा? तो तर संग्रहालयातही मेला नाही आणि मुंबईतही नाही. संप लांबला तसं कापड भिवंडीला गेलं. गिरण्यांनी काढून टाकलेले लँकेशायर साचे त्याआधीपासूनच भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीला विकले जात होते. इचलकरंजीत तर १९०४ मध्येच विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला होता. तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बघा, उत्तरेचा उजेड वगैरे काही नाही, एक ट्यूबलाइट आणि तोच धडधडाट. ज्या गोष्टीला तिकडे काचेपलीकडून बघतात तिच्यावर इकडे अजून कुणाचं तरी पोट आहे. यातलं अधिक चांगलं काय, मला विचारू नका.

परतल्यावर नालासोपाऱ्याला बाबांकडे गेले. संपानंतर त्यांनी वीस वर्षं एका सोसायटीत वॉचमनकी केली, त्याबद्दल ते बोलत नाहीत. वय चौऱ्याहत्तर, कान पूर्ण गेलेले, मशीन लावायला सांगितलं तर कानात खाज येते म्हणतात. मी फोनवर काढलेला व्हिडिओ त्यांच्यापुढे धरला. आवाज मोठा केला आणि मग माझाच मूर्खपणा लक्षात येऊन बंद केला. ते चष्मा सारखा करून बघत राहिले. एकदा संपल्यावर बोटाने खूण केली, परत. तिसऱ्यांदा बघताना त्यांचं बोट पडद्यावर टेकलं, डावीकडून दुसऱ्या साच्यावर.

"ह्याचा पट्टा ढिला आहे. ठोकर उशिरा बसतेय."

मी त्यांना ओठ मोठे करून सांगितलं की ही मिल बंद आहे, हे फक्त दाखवायला चालवतात. त्यांना ते नीट उमगलं नसावं.

"मग कापड कुठे जातं?"

मी पिशवीतून तिथल्या दुकानातून घेतलेला फडक्याएवढा तुकडा काढून दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरला. आमच्या घराची खिडकी पश्चिमेला आहे, म्हणून उठून दारात गेले आणि तिथे उलटसुलट करून पाहिला. अंगठ्याच्या नखाने बाणा सरकवून बघितला, काठ चाचपला, एका जागी थांबले आणि मला जवळ बोलावलं. मला काही दिसलं नाही. त्यांनी माझं बोट धरून तिथे ठेवलं. दोन धागे तुटून पुढे तसेच विणले गेले होते.

"सेकंड आहे," ते म्हणाले. "आमच्या वीव्हिंग मास्तरने फेकून मारलं असतं तोंडावर. दंड वेगळा."

मग खुर्चीत बसून त्यांनी चष्मा काढला, त्या कापडाने दोन्ही काचा सावकाश पुसल्या, आणि कापडाची चार पदरी घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली.